दहा बोटं

आमच्या हवालदारांचं खरं आडनाव काय, हे आडगाव नाक्यावर कुणालाच सांगता आलं नसतं. सगळे त्यांना हवासोडे म्हणत. सायकलवर कुणी डबलसीट दिसला की ते शिट्टी फुंकायचे, सायकल बाजूला घ्यायचे आणि दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचे. पावती नाही, शिव्या नाहीत. वर सांगायचे, "आता चालत जा. चालत गेलेला मानूस घरी पोचतो."

मी तेव्हा कारकून होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. माझीही हवा त्यांनी दोनदा सोडली. संध्याकाळी त्यांच्याच घरी पंप मागायला गेलो, तर वहिनींनी पंपही दिला आणि चहाही. हवालदार आत बसून हसत होते. राग तर असा आला होता! पण त्या माणसावर राग धरून बसणं कुणालाच जमलं नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "आम्हा सायकलवाल्यांवरच जोर का हो तुमचा? आग्रा रोडने ट्रक कसे सुटतात ते बघा की."  ते म्हणाले, "भाऊ, ट्रक आडवला तर पावतीबुक काढायच्या आत वरून निरोप येतो, सोडा म्हनून. माझ्या हातात काय हाय? सायकलीची हवा. तेवढी सोडतो." 

रस्त्यापलीकडे टीव्हीचं एक दुकान होतं. मॅचच्या दिवशी आमची सगळी गल्ली आग्रा रोड ओलांडून त्याच्या काचेपुढे लोटायची. तसाच पळत जाताना आमच्या शिंप्याचा मुलगा टेम्पोखाली आला आणि त्याचा पाय गेला. त्याला उचललं हवालदारांनीच. पुढच्याच महिन्यात त्यांनी घरी टीव्ही आणला आणि गल्लीकडे तोंड करून थेट दारात मांडला. "या, बसा, फुकट हाय," ते येईल त्याला सांगत. "पन मॅच संपेस्तोवर रस्ता वलांडायचा नाय."

गंमत अशी, की त्या टीव्हीवर त्यांनी स्वतः एकही मॅच धड पाहिली नाही. मॅचच्या दिवशी ते हटकून ड्यूटीवर. नाक्यावरून आमची गच्ची दिसायची. अँटेना फिरवायला मी वर गेलो, की ते मान वर करून हातानेच विचारायचे, किती? जितके गडी बाद झाले असतील तितकी बोटं मी दाखवायचो. "आपलं सगळं क्रिकेट तुमच्या बोटांवर, भाऊ," असं म्हणून ते हसायचे.

विश्वचषकातला आपला मुंबईतला सामना होता. मी रजा टाकली होती. दुपारी आपली फलंदाजी चालू असताना ऐन मोक्याला पडद्यावर मुंग्या आल्या. मी धावत गच्चीवर गेलो आणि अँटेना फिरवू लागलो. वहिनी खालून सांगत होत्या, "आलं... गेलं... थोडं नदीकडे घ्या!" तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "दुकानात दिसतंय!" आणि सगळी गल्ली उठून रस्त्याकडे पळाली.

हवालदार मधोमध हात पसरून उभे राहिले आणि जीव खाऊन शिट्टी वाजवू लागले. येणारी वाहनं थांबली. म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळे सुखरूप पलीकडे पोचले आणि काचेपुढे पाठमोरे उभे राहिले. मागे वळून कुणी पाहिलं नाही. मला मात्र वरून दिसलं, की पिंपळगावकडून कांद्याचा एक ट्रक थांबलेल्या वाहनांच्या बाजूने पुढे येतोय आणि त्याचा वेग कमी होत नाहीये. हवालदारांची पाठ तिकडे होती, तोंड माझ्याकडे. त्यांनी घाम पुसला, मान वर केली आणि हाताने विचारलं, किती?

मी अँटेना सोडली आणि दोन्ही हात वर करून ओरडलो. आवाज तिथवर पोचला नाही. बोटं पोचली. दहा. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान खाली घातली आणि तिथेच उभे राहिले.

खालून वहिनी वैतागून ओरडल्या, "भाऊजी, हात का काढला? किती छान आलं होतं!" माझे दोन्ही हात अजून वरच होते. खाली उतरून त्यांना काय सांगायचं, ते मला कळेना.

तो सामना आपण पुढे हरलोच. पण त्या वेळी आपला निम्मा संघ बाकी होता. हवालदारांना हे सांगायचं राहून गेलं.