सरांच्या खाडीत न आलेली जहाजं

मोहितेसरांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका कपाटाच्या दोन टोकांना. सिडनीत केलीव्हिलचं मोठं घर सोडून सर टूनगॅबीच्या छोट्या युनिटमध्ये चालले होते आणि सामान हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेव्हा माझा एकच ट्रक. ड्रायव्हर मी, हमालही मीच. सर माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. पुस्तकांचे चाळीसेक खोके बघून ते वहिनींना हळूच मराठीत म्हणाले, "माणूस बरा दिसतोय, पण पुस्तकं आपटणार बघ." माझे कान पहिल्यापासून तिखट. ट्रकमधूनच ओरडलो, "नाही आपटत, सर! जय भीम!" भिंतीवरचा फोटो मी आधीच बघून ठेवला होता. मग चहा झाला, आणि त्या चहाला आता वीस वर्षं झाली.

सरांचा विषय मिंग घराण्याचा चीन: तिथला राज्यकारभार, कला, आणि ते प्रचंड आरमार. आयुष्यभर त्यांनी तो इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकवला आणि निवृत्तीनंतर टूनगॅबीच्या हॉलमध्ये, दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, आम्हाला मराठीत. आयटीवाले, नर्सेस, विद्यार्थी, आणि दहावीत गटांगळी खाल्लेला मी. मोठ्या ट्रकच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत मी दोनदा नापास झालो, तेव्हा सरांनी तीन रविवार शेजारी बसवून माझ्याकडून पुस्तक वाचून घेतलं. मी वैतागलो की म्हणायचे, "सकपाळ, मिंगांच्या परीक्षेला उमेदवार अंथरूण आणि शिधा घेऊन जायचे. दिवसचे दिवस खोपटात कोंडून लिहायचे. तुम्हाला इथे एसी आहे, वर हिची भजी आहेत. वाचा." वाचलं, आणि पास झालो.

सम्राटाची चूक सम्राटाला तोंडावर सांगायला मिंग दरबारात पगारी अधिकारी असत. कित्येकांनी त्यापायी फटके खाल्ले. सरांनी ते पद आमच्या वर्गात आणलं. दर शनिवारी एकाला पुढच्या खुर्चीवर बसवायचं, तो त्या दिवसाचा दोषदर्शक. व्याख्यान संपलं की त्याने उभं राहून सरांची एक तरी चूक काढायचीच. "आज सर बरोबर होते" चालत नसे. एका मुलीला काहीच सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "सर, यू सेड 'खरं म्हणजे' लाइक फॉर्टी टाइम्स." सरांनी तेही वहीत टिपून घेतलं.

सरांचं मराठी पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात होतं, तेव्हाची गोष्ट. मिंगांची जहाजं कालिकतला आली, पुढे आफ्रिकेपर्यंत गेली, हे जगाला ठाऊक आहे. सरांचं शेवटचं प्रकरण म्हणत होतं की त्यातली काही कोकणात, सरांच्याच गावच्या खाडीतही नांगर टाकून गेली. पुरावा म्हणजे निळ्या वेलीचा एक बशीचा तुकडा. लहानपणी आईबरोबर शिंपल्या वेचताना सरांना तो चिखलात सापडला होता, आणि त्याच्याच नादाने ते या विषयाकडे वळले. त्या शनिवारी सरांनी ते प्रकरण वाचलं. तुकडा हातोहात फिरला. खुर्चीवर नेमका मी.

तुकडा हातात आला आणि मी वेलीवरून बोट फिरवलं. सिडनीतल्या गोऱ्या आज्यांच्या निळ्या बश्या कागदात गुंडाळण्यात माझा जन्म गेलाय. हाताने काढलेली वेल फिरून स्वतःला बरोबर मिळते. छापील वेल सांध्यावर, म्हणजे छापाची दोन टोकं जुळतात तिथे, चुकते, पान अर्धंच राहतं. सरांच्या तुकड्यावर पान अर्धं होतं. म्हणजे बशी इंग्रजी कारखान्यातली, मिंग संपून कितीतरी काळाने झालेली. गप्प बसलो असतो तर हॉलमध्ये कुणाला कळलं नसतं. पण पुस्तक आल्यावर कुणा जाणत्याने हेच दाखवलं असतं, आणि सरांचं सगळंच काम हसण्यावारी गेलं असतं.

उठलो. "सर, ही वेल सांध्यावर तुटलीय. छापील आहे. बशी इंग्रजी आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! आता ट्रकवाले इतिहास शिकवणार."

"थांबा," सर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तुकडा डोळ्यांशी नेला. "साठ वर्षं जपला, आणि इथे कधी नीट बघितलं नाही. सकपाळ, बोट ठेवून दाखवा." मी दाखवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. सोमवारी छापखान्याला कळवून ते प्रकरण काढून टाकलं. पुस्तक पातळ निघालं, पण त्यातल्या एकाही ओळीवर आजवर कुणाला बोट ठेवता आलेलं नाही.

त्यानंतर काही महिने सर खाडीचं नाव काढत नव्हते. एका माणसाचं लहानपण आपण फोडलं, असं मला वाटत राहिलं. मग एका सकाळी फोन आला. "सकपाळ, आमच्या वस्तीत अख्खी बशी कुणाकडेच नव्हती. मग ही आली कुठून? वरच्या आळीतल्या घरांचा कचरा खाडीवर टाकायचं काम आमच्या आईकडे होतं. बहुतेक तिनेच टाकलेली असणार हो." आणि सर हसले. इतकं मोकळं हसणं मी त्यांच्याकडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

सरांना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत, आणि ते शोधतायत की त्या खाडीला कुणाची गलबतं लागत, बश्या कुणाच्या घरी उतरत, आणि फुटल्यावर त्या कोण उचलत असे. त्यावर नवं पुस्तक लिहायचंय, निदान आठ वर्षांचं काम आहे म्हणतात. ती आठ वर्षं त्यांना धडधाकट मिळोत, नजर आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि त्यांच्या आईचं ते पुस्तक चांगलं जाडजूड होवो.