लाल गाडीचा दोष

छापखान्यात सगळे त्याला अनुस्वार म्हणत. मुद्रितं तपासताना सुटलेला एक अनुस्वारही त्याच्या नजरेतून निसटत नसे, म्हणून. मालकांनी छापखाना बंद केला, तेव्हा मागच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली आपली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्यांनी त्याच्या गळ्यात मारली. लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची.

गाडी कसली, नसती ब्याद होती ती. ऊन तापलं की इंजिन उकळायचं, हवा दमट झाली की दिवे रुसायचे, आणि जिथे उभी राहील तिथे तेलाचं थारोळं. गल्लीतल्या प्रत्येकाने तिला कधी ना कधी धक्का मारलेला. "काय अनुस्वार, फिरायला निघालात की आम्हाला व्यायाम द्यायला?" शेजारचा बेकरीवाला हमखास विचारायचा. बायको तर चालायचे बूट घालूनच गाडीत बसे. पण ज्या दिवशी ती गाडी मनावर घेई, त्या दिवशी नदीकाठच्या वळणांवरून जमिनीला पोट लावून अशी सुसाट सुटे, की जन्मभर खुर्चीत वाकून बसलेला हा माणूस मोठमोठ्याने गाऊ लागे.

मग काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही. गाडी चालवणं बंद." घरी येऊन त्याने वर्तमानपत्र उघडलं, पहिल्याच पानावरच्या चुका काढून दाखवल्या आणि बायकोला म्हणाला, "ह्याला काय आंधळा म्हणतात?" ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गाडी चालूच राहिली.

एका सकाळी वळणावर बेकरीवाल्याची बायको डावीकडून रस्ता ओलांडत होती. ती त्याला दिसली, तेव्हा गाडीने तिला उडवलं होतं.

"ब्रेक लागला नाही!" तो ओरडला. कोणी विचारलंही नव्हतं. पण सगळ्यांना ते लगेच पटलं. गाडीची कीर्तीच तशी. लोक उलट त्यालाच धीर देऊ लागले. गाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनेही पोलिसांना तेच सांगितलं, आणि घरी आल्यावर त्याच्याशी बोलणं टाकलं.

बेकरीवालीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ते कळलं त्या दुपारी बेकरीवाला पहार घेऊन आला. पहिल्या घावात गाडीची काच फुटली, दुसऱ्यात दिवा. "हिनेच घात केला," तो रडत रडत म्हणत होता. पहार पुन्हा उचलली गेली, तेव्हा दारात उभ्या अनुस्वारच्या तोंडून निघून गेलं, "तिला मारू नका. ब्रेक लागला होता. मला वहिनी दिसल्याच नाहीत."

बेकरीवाल्याने पहार हळूच भिंतीला टेकवली. आणि तो निघून गेला.

खटला झाला. परवाना गेला. बेकरीवाल्याने पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. बेकरीवाली मात्र एकदा कुबड्यांवर दारापर्यंत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"दिसत नाही हे माहीत होतं ना?"

"होतं."

"मग का चालवत होतात?"

त्या गाडीत बसलं की आपल्याला काय व्हायचं, ते सांगायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात नजर तिच्या कुबड्यांवर गेली आणि त्याने ते पुन्हा मिटलं. मग ती वळली. वळताना तिचा तोल गेला, त्याने हात पुढे केला. तो तिने धरला नाही. भिंतीच्या आधाराने, एकेक करत, ती पायऱ्या उतरून गेली.