ज्वारीच्या पिंपातली लोखंडी गाडी

नवऱ्याने खपून बनवलेली लोखंडी गाडी मी चोरली आणि ज्वारीच्या पिंपात पुरून ठेवली. वय तेव्हा अठ्ठावन्न. आजच्या मानाने कोवळंच म्हणायचं, पण अक्कल त्याहून कोवळी.

गाडी म्हणजे बसून फिरायची नव्हे. वीतभर लांब, बुटकी. मध्ये बेअरिंगची चाकं, वर जाड प्लेट, प्लेटवर जुन्या टायरचा तुकडा, मशीन घसरू नये म्हणून. अशा चार. जड मशीनच्या चारी कोपऱ्यांखाली एकेक सारली की ते ढकलत नेता येतं. बाजारात तयार मिळतात म्हणे, पण आमच्या ह्यांना विकत आणणं म्हणजे हार.

अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडमध्ये आमचं लेथ मशीन होतं. यंत्रमागाचे सुटे भाग त्यावर व्हायचे आणि त्यावरच आमचं घर चालायचं. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा ह्या गाड्या पहिल्यांदा दिसल्या.

"हे काय चाललंय?"

"काय न्हाय. उगं."

ह्या माणसाने उगं म्हणून काही केल्याचं मला तरी आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मशीन आणि शेडचं दार टेपने मोजत होते. मला बघताच टेप खिशात. तिसऱ्या दिवशी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मंगळवारी या. ती नसंल तवा."

ती म्हणजे मी! आणि मी कुठे जाणार होते?

ते जेवताना कळलं. "नातेपुत्याला लेकीकडं जाऊन ये की. ऱ्हा चार दिस."

"भाकरी कोण थापणार तुमची?"

"खाईन कुटंबी."

बरणीतलं लोणचंसुद्धा स्वतःच्या हाताने न घेणारा हा माणूस! माझ्या डोक्यात पक्कं बसलं, मशीन विकायला काढलंय. घेणारा माणूसही मी मनात उभा केला, त्याला जाड मिशा दिल्या, त्याचा रागही करू लागले. मशीन गेलं की हे खाटेवर, आणि दोघांनी लेकाच्या तोंडाकडे बघत बसायचं.

सरळ विचारावं, तर नाही. सोमवारी हे चहाला गेले तशी मी एक गाडी उचलून पिशवीत घातली, वर रिकामा डबा ठेवला. खांदा निखळायचा बाकी होता. घरी येऊन ती पिंपात खोल दाबली. चारातली एक नसली की मशीन हलत नाही, हे माझं यंत्रशास्त्र.

मंगळवारी हे मला एस.टी. स्टँडवर सोडायला आले. लग्नानंतर पहिल्यांदा! खिडकीशी उभे राहून वर हातही हलवला. मोहोळ येईस्तोवर मी कशीबशी बसले. तिथे उतरले आणि उलट येणाऱ्या गाडीत चढले.

शेडवर पोचले तर दाराशी टेंपो, तीन हमाल, आणि मशीन निघालेलं. तीन कोपऱ्यांखाली गाड्या, चौथ्याखाली लोखंडी पाईप. हे त्याच कोपऱ्याला पहार लावून वाकलेले. मी हाक मारणार, तोच दारातल्या उतारावर पाईप सटकला. कोपरा धाडकन खाली आला. ह्यांनी पाय ओढला. चप्पल तिथेच राहिली, मशीनखाली चपटी झालेली. अंगठ्यातून रक्त आलं. पाय दोन बोटं पुढे असता तर पाऊलच गेलं असतं.

अंगठा बघायचा सोडून मी ओरडले, "कुणाला विकलंत हो?"

एक हमाल हसला. "मावशी, इकलं कुटं? तुमच्याच घरी चाललंय की!"

घरी! आमच्या पुढच्या खोलीत! शेडपर्यंतची रोजची सायकल ह्यांच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून ह्यांनी कितीदा विचारलं होतं. दर वेळी माझं एकच, "मशीन घरात आलं तर मी घराबाहेर."

रिक्षा करून गाडी आणून दिली. कुठे होती ते सांगावंच लागलं, बेअरिंगमध्ये ज्वारी अडकलेली. हमाल काडीने दाणे काढत म्हणाला, "मावशी, पेरणी केली व्हय?" शेवटी मशीन घरी येऊन बसलं.

मग ह्यांच्या अंगठ्याला हळद लावता लावता मी विचारलंच. "एवढी चोरी कशाला केलीत? मला सांगायचं होतं."

पाय माझ्या मांडीवरून न काढता हे म्हणाले, "इकायचं असतं तर तुला इचारलं असतं की. घरात आणायचं हुतं, म्हनून लपवलं."