भाटघरच्या काठावरचं मुंडासं

वेल्ह्यात पोहोचलो तेव्हा पाठपिशवी घेऊन हिंडायला लागल्याला तीन महिने होत आले होते. लग्न मोडलं, पाठोपाठ नोकरी सोडली. चालत राहिलं की माणूस विसरतो, असं कुणीसं म्हणालं म्हणून घराबाहेर पडलो. विसरलो काहीच नाही. तोरण्याच्या उतरणीवर गुडघा मात्र दुखावला. मग ठरवलं, एक दिवस पाय हलवायचेच नाहीत. भोरला येऊन भाटघरच्या फुगवट्यावर (धरणामागं तुंबलेल्या नदीच्या पाण्यावर) दिवसभरासाठी बोट ठरवली.

बोटवाले मिलिंदराव भोरचेच, पन्नाशीचे. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि खोकणारं इंजिन, एवढीच बोट.

"पाय पसरून बसा सायेब. आज तुमी फकस्त पाणी बघायचं," ते म्हणाले.

नोव्हेंबरचं ऊन कोवळं होतं. खालच्या खाचरांतलं भात कापून झालेलं, वर उतारावर नाचणी अजून उभी. पाण्याबाहेर आलेल्या वठल्या फांदीवर पाणकावळे पंख वाळवत होते. हे सुंदर आहे, एवढं कळत होतं; आत काही हलत नव्हतं.

तासाभरानं पलीकडच्या काठावर एक म्हातारा दिसला. डोक्यावरचं तांबडं मुंडासं सोडून तो हवेत हलवत होता. मिलिंदराव खाली वाकून इंजिनाशी झटापट करत होते. मी हात उंच करून हलवला. म्हातारा आणखी जोरानं मुंडासं हलवू लागला. इकडची माणसं किती मोकळी, असं वाटलं. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

पुढं नदी चिंचोळी होते तिथं बोट लावून जेवलो. तांदळाची भाकरी, वांग्याचं कालवण आणि खर्डा. पोट भरल्यावर बाकावर चक्क झोपलो.

परतताना म्हातारा तिथंच होता, पण आता गुडघाभर पाण्यात. मिलिंदरावांनी बघताक्षणी बोट वळवली.

"बिरूबाबा हायेत. वरच्या धनगरवाडीचे. कायतरी इपरीत हाय."

"ठकीला पान लागलंय!" बाबा ओरडले. (साप चावला असं इथं उघड म्हणत नाहीत.) "नाचणी कापताना. वाडीवर कोन न्हाई, समदी गुरांमागं गेल्यात. हितं मोबाईल लागत न्हाई."

बाबांची बायको ठकूबाई जांभळीखाली पडल्या होत्या. पापण्या मिटत चाललेल्या, तोंडातून लाळ गळत होती. आम्ही तिघांनी उचलून त्यांना बोटीत घेतलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. मिलिंदरावांनी इंजिन होतं तेवढं पळवलं, तरी काठ जवळ येईना. त्या काही सांगायला ओठ हलवत होत्या. शब्द उमटत नव्हता.

"बोल की गं," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते.

धक्क्यावर एक टेम्पो मिळाला. भोरच्या अलीकडं ठकूबाईंचा श्वास अडखळला आणि थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

बाहेर बाकावर बिरूबाबा माझ्याशेजारी बसले. "तुमची सहल मोडली आमच्यापायी," ते म्हणाले.

ते ऐकून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. जाताना मी त्यांना पाहिलं होतं. रामराम करतायत असं समजून उलट हात हलवला होता. मिलिंदरावांना काही बोललोच नव्हतो.

बाबांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"जातानाच बघितलं व्हतं?"

"हो."

मुंडाशाची ओली घडी मांडीवर सारखी करत ते म्हणाले, "तवा ती बोलत व्हती."

मिलिंदराव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "म्या बी वर बघाया पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईंना नेलं, तेव्हा मी मागं मागं थोडं अंतर चाललो. कुणी थांबवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. तिठ्यावरून मी मागं फिरलो आणि एसटी धरून पुण्याला आलो. पुढचा प्रवास सोडून दिला.

बाबांना मी खरं सांगितलं. ते त्यांच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला त्यानं जराही बरं वाटलं नाही. आणि बायको वाचली असती, हे त्या माणसाला आता जन्मभर माहीत असणार आहे.