मन्सूरभाईंचा हात

बीडहून आलेल्या मन्सूरभाईंनी भोसरीत गॅरेज उभं केलं ते हाताच्या जोरावर. शौक एकच, रिमोटवर पळणारी पेट्रोलची छोटी गाडी. म्हणायला खेळणं, अंगावर आली तर पाय मोडेल. रिमोटचा सिग्नल तुटला की आपोआप ब्रेक लावणारी फेलसेफची डबी बसवा, असं बायको रोशनबी कितीदा म्हणाली. मन्सूरभाई उसळायचे, "माझ्या हातावर भरवसा नाही का तुझा?"

रविवारी दिघीच्या मैदानात गाडी सुसाट सुटली आणि नात शिफाच्या पायाला चाटून भिंतीवर आदळली. "सिग्नल गेला," सगळे म्हणाले. मन्सूरभाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन निमूटपणे डबी बसवली.

"चला, घोर मिटला," रोशनबी म्हणाली. "आता पोरीला खुशाल न्या."

मन्सूरभाईंना मात्र ठाऊक होतं. सिग्नल गेलाच नव्हता. त्यांचं बोट रिमोटच्या वेग देणाऱ्या खटक्यावर आवळून बसलं होतं. ते सोड म्हणत होते आणि बोट ऐकत नव्हतं. पुन्हा तसं झालं, तर त्या डबीला वाटणार, मालकाला गाडी पळवायचीच आहे.