उजव्या नळीतलं धुकं

त्या वर्षी भाऊंचा उजवा डोळा जात होता आणि मी दुर्बीण दुरुस्त करत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कळलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मी लपवून ठेवलं. मी काहीच लपवलं नाही. मला ते दिसलंच नाही, आणि याचा मला आजही स्वतःवर संताप येतो.

भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ. अहेरीच्या शाळेत मास्तर होते. आईवडील गेले तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो. मला वाढवलं, शिकवलं, आलापल्लीच्या लाकूड डेपोत चिकटवलं ते त्यांनीच. दर शनिवारी डेपोचं काम आटोपलं की मी सायकलनं अहेरीला यायचो. ही एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. गावात वीज नव्हती, त्यामुळे दिवेलागणीला अंगणात खाट टाकली की आभाळ अगदी अंगावर यायचं. भाऊंना त्याचा नाद होता. शाळेतली पोरं आपापल्या घरची नावं सांगायची. कुणाच्या घरी सप्तर्षींना खाट म्हणत, कुणाच्या घरी मृगातल्या तीन ताऱ्यांना नांगर. भाऊ ती सगळी नावं एका वहीत उतरवून ठेवायचे.

नोकरी पक्की झाली तेव्हा मी ठरवलं, भाऊंना दुर्बीण द्यायची. नागपुरात लष्कराचं जुनं सामान विकणारं एक दुकान होतं. तिथे मी सबंध दुपार घालवली. मला सगळ्यात जास्त पॉवरची हवी होती. दुकानदार हसला. म्हणाला, पॉवर वाढली की हात जेवढा थरथरतो तेवढी चांदणीही थरथरते. आभाळासाठी पुढची काच मोठी बघा. मग त्यानं सात पॉवरची, पन्नास मिलिमीटर तोंडाची एक काढली. हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत उजेडाची टिकली पूर्ण गोल दिसते का, कडेला कापली तर जात नाही ना, हे त्यानं दाखवलं. समोरच्या देवळाचा कळस एकच दिसतो की दोन, तेही पाहायला लावलं. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या फिरवायच्या, तशाही दुर्बिणी त्याच्याकडे होत्या. पण आम्ही दोघं आळीपाळीनं बघणार म्हणून मी मधल्या चाकाची घेतली. डावा डोळा चाकानं जुळवायचा, मग उजव्या नळीचं कडं फिरवून उजवा. एवढी पारखून मी आयुष्यात दुसरी वस्तू घेतलेली नाही. लग्नाची मुलगी पाहायला गेलो तेव्हाही नाही.

पहिला हिवाळा फार सुखाचा गेला. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांचे सहा-सात तारे दिसतात. भाऊंनी दुर्बिणीतून तीसच्या वर मोजले आणि आत जाऊन वहिनींना बोलावून आणलं. वहिनी हातातलं पीठ न धुताच बघायला आल्या. "एवढ्या बारक्या चांदण्या कोन मोजते," म्हणाल्या, आणि स्वतः मोजत बसल्या.

माघात भाऊ म्हणाले, "चांदणीभोवती कडं दिसून राह्यलं बे. रंगीत."

मी बघितलं, तर मला तसं काही दिसेना. पण मी लगेच निदान केलं की काचेत दमट हवा शिरलीय. माझा स्वभावच तसा. कुठे काही बिघडलं म्हटलं की मला चेव येतो, आणि बिघडलेली असते ती वस्तूच, माणूस कधीच नाही, अशी माझी खात्री असते. दुर्बीण फडक्यात गुंडाळून मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, ओल शोषली जावी म्हणून. वहिनींनी माझी पुष्कळ थट्टा केली. म्हणाल्या, "भात शिजला का सांगजा." मग डबा सारताना सहज बोलल्या, "कंदिलाभोवती बी कडं दिसते म्हन्ते ते."

"कंदिलाची काच काजळली असन," मी म्हणालो. आणि खरंच उठून राखेनं काच घासून काढली.

पावसाळ्यात आभाळ मिळालं नाही. पाऊस सरल्यावर दुर्बीण बाहेर काढली तेव्हा मधलं चाक जड झालं होतं. आतलं जुनं वंगण वाळलं असणार. आमच्याकडे घरात तेल म्हणजे टोळीचं, मोहाच्या बियांचं. तळायला तेच, दिव्याला तेच, बैलगाडीच्या आसालाही तेच. मी चाकाच्या फटीत दोन थेंब सोडले आणि चाक सुरसुर फिरायला लागलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की डेपोत चार जणांना सांगितलं. टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं, पण ते दुर्बिणीतही थिजेल हे डोक्यात आलं नाही. पौषात चाक जागच्या जागी अडकलं. मी पकडीनं ओढलं, तर चाकाचे दाते झिजले.

भाऊ म्हणाले, "उजव्या नळीत धुकं वाटते. डावी बरी हाये."

आता माझी खात्रीच झाली की तेल काचेवर गेलं आणि दुर्बीण मीच बिघडवली. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. शनिवारी आलो की चूल धगधगती ठेवून तिच्याजवळ दुर्बीण शेकायची, तेल पातळ झालं की पुसून घ्यायचं, कापडाची वात करून काचेची कड साफ करायची, आणि भाऊंपुढे धरायची. "आता?" भाऊ बराच वेळ बघायचे. एकदा म्हणाले, "आता मस्त दिसते. एकदम साफ." मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढच्या शनिवारी मात्र उजवीकडे ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला त्यांचा हात लागला आणि तांब्या कलंडला. मी म्हणालो, वहिनी, तांब्या मधे काऊन ठेवता.

चाक काही नीट होईना, म्हणून माघात आम्ही दोघं चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, गेलो. तिथे परकोटाच्या जटपुरा दरवाजाजवळ एक म्हातारा घड्याळजी होता. त्यानं चाक सोडवलं, रॉकेलनं धुतलं, बारीक वंगण भरलं. मग दुर्बीण दरवाजाच्या माथ्याकडे रोखून एकेक डोळा मिटून पाहिलं.

"दोन्ही नळ्या साफ हायेत," तो म्हणाला.

"उजवी नाई," मी म्हणालो. "इचारा यायले."

घड्याळजीनं भाऊंकडे पाहिलं आणि दुर्बीण उलटी करून, वरची बाजू खाली आणून, त्यांच्या डोळ्यांना लावली. "गुरुजी, आता उजवी नळी डाव्या डोळ्यावर आली. डाव्यानंच पाहा."

"साफ हाये," भाऊ म्हणाले.

"आता डावी नळी उजव्या डोळ्यावर. डावा मिटा."

भाऊंनी डावा डोळा मिटला आणि दरवाजाच्या माथ्यावरून दुर्बीण फिरवली. मग म्हणाले, "धुकं इकडं आलं."

घड्याळजीनं दुर्बीण पुसली, पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिली. "दुर्बीण बरी हाये, बाबू," म्हणाला, आणि भाऊंना बसायला स्टूल पुढे केलं. सबंध वर्ष माझ्या हातात दुर्बीण होती आणि ती एकदा उलटी धरून बघायची अक्कल मला झाली नाही.

तिथूनच आम्ही नागपूरची गाडी धरली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दिव्याभोवती रंगीत कडं कधीपासून दिसतं, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. उजवा गेल्यात जमा होता. डाव्यालाही सुरुवात झाली होती. थेंब टाकत राहा, जितके दिवस टिकेल तितके दिवस, म्हणाले. पहिलं कडं दिसलं तेव्हाच आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर वैनगंगा ओलांडायला आम्ही नावेत बसलो होतो. मी विचारलं, "तुमाले दिसत नव्हतं, मंग साफ दिसते म्हून काऊन सांगितलं?"

"तू चुलीपुढं बसून डोळे लाल करून घेतले होते," भाऊ म्हणाले. "अजून किती घासशीन ते काच."

मला तिथे, नावेतल्या लोकांदेखत, रडू आलं. भाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि नाव काठाला लागेपर्यंत तो काढला नाही.

वहिनी न चुकता थेंब टाकायच्या. तरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत डाव्या डोळ्याची नजरही कडेकडून मिटत आली. पुस्तक दिसेना म्हणून शाळेतली नोकरी सुटली. चांदण्यांचं नाव भाऊ काढत नव्हते, आणि दुर्बीण खुंटीला टांगलेली असायची. एका शनिवारी मी सायकल लावत होतो तोच त्यांनी ती मागितली. उन्हं नुकतीच उतरली होती. मला म्हणाले, "तिकडं विहिरीपाशी उभा राह्य. जवळून नाई जमत याच्यानं." मी जाऊन उभा राहिलो. ते खाटेवर बसून डाव्या नळीनं मला शोधत होते, चाक पुढे-मागे करत होते. मग त्यांचं बोट थांबलं.

"सापडला," ते म्हणाले. "हलू नको. थोडा वेळ पाहू दे."

मी हललो नाही. वहिनी दारात आल्या आणि चौकटीला धरून तिथेच थांबल्या. हळूहळू मला विहिरीचा काठ दिसेनासा झाला, मग माझे स्वतःचे हात. भाऊंनी दुर्बीण खाली घेतली नाही. अंधार कधीचा पडला होता, आणि ते त्यांना सांगायचं धाडस आमच्या दोघांपैकी कुणालाच झालं नाही.