डावखुऱ्या वीरांचा धर्माजी

चौलच्या धर्माजीनं चाळीस वर्षं भांड्यांवर नावं कोरली. आमच्याकडे लग्नात साधा तांब्या दिला तरी त्यावर देणाऱ्याचं नाव लागतं, नाहीतर आहेर केल्याचं समाधानच लाभत नाही. त्यामुळे गावातल्या घराघरात धर्माजीचं अक्षर आहे, आणि धर्माजीचं नाव कुठेच नाही.

मग हर्षदशेठला महाकाव्य छापायची हुक्की आली. शेठचे उरणला पंचवीस ट्रक आणि चौलला बंगला. वाचनाशी वैर नाही, ओळखही नाही. पण मोठ्या ग्रंथात जुन्या पद्धतीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं असतात, असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं. बारा चित्रांचं काम धर्माजीकडे आलं. त्यानं एकच अट घातली. "पैशे काय ते द्या. चित्राखाली माजा नाव पायजे."

"टाकू की," शेठ म्हणाला.

आठ महिने धर्माजी खपला. त्याचं युद्ध आमच्या खाडीकाठीच झालं. सैन्य समुद्र ओलांडतं ते आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीतून, आणि एका वीराच्या पायाशी चक्क सुक्या बोंबलांची टोपली. मी आधी हसलो, पण चेहरे बघितले आणि पत्रा पुन्हा उजेडात धरला. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'धर्माजी'.

छापून आली तेव्हा सगळे वीर डावखुरे. भांड्यावर कोरलं तसंच लोक वाचतात. पत्र्याला शाई लावून कागद दाबला की उजव्याचं डावं होतं, हे भांडीवाल्याला कोण सांगणार? शेठ म्हणाला, "डावखुरे तर डावखुरे, पाहुण्यांची तारीख घेतलीय. पण उलटं नाव बरं नाय दिसत. घासून टाक, खाली सरळ छापू." जन्मभर लोकांची नावं कोरणाऱ्यानं बारा वेळा स्वतःचं नाव घासलं. मला बघवेना.

प्रकाशनाला पुस्तक उघडलं, तर खाली अगदी सरळ छापलं होतं, 'चित्रे : हर्षदशेठ'. मुंबईचे एक प्राध्यापक डावखुऱ्या वीरांच्या बंडखोरीवर पाऊण तास बोलले. शेठनं शाल घेतली, पितळेचं मानचिन्ह घेतलं, वर लाजलाही. धर्माजीची बायको आवडाबाई ताडकन उठली, तर धर्माजीनंच तिला हाताला धरून खाली बसवलं. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी शेठ मानचिन्ह घेऊन धर्माजीच्या दुकानात हजर. त्यावर 'चित्रकार हर्षदशेठ' असं कोरून हवं होतं. संध्याकाळी तो न्यायला आला तेव्हा आम्ही गावातले चौघं तिथंच चहा पीत होतो. पितळेवर ठसठशीत अक्षरात होतं, 'चित्रकार धर्माजी'.

शेठ खवळला. "हे काय? घासून दे आधी."

धर्माजीनं छिन्नी आणि कानस पुसून त्याच्यापुढे ठेवली. "माजा हात न्हाय चालत आता त्या कामाला. चित्रकार तुमी नं, शेठ? घासा, आनि तुमचा नाव तुमीच कोरा."